जिलबीला भरवणारी सांडशी

मी एक जुनी लोखंडी सांडशी आहे. मित्रांनो, पाठ ताठ ठेवून बसा आणि हातातले काम बाजूला ठेवा, कारण एकदा सांगितलेले पुन्हा सांगण्याची मला सवय नाही. मात्र एक कबुली आधीच देते. जे सांगणार आहे त्यातले निम्मे मला स्वतःलाच अजून नीट समजलेले नाही. सारे आयुष्य मी गरम पातेली उतरवली आणि म्हातारपणी एका सापाला भरवायला लागले. हे कसे झाले ते जसे घडले तसे सांगते.

माझा जन्म नागपूरचा. इतवारीतल्या एका लोहाराने दोन पट्ट्या तापवून मला घडवले, मध्ये खिळा ठोकला आणि माझे तोंड असे जुळवले की त्यात धरलेला कागदसुद्धा सुटत नसे. माझे पाय त्याने हातभर लांब ठेवले, कारण ज्या बाईंनी मला घडवून घेतले त्यांचा संसार मोठ्या पातेल्यांचा होता. बाईंच्या स्वयंपाकघरात मी बत्तीस वर्षे काढली. भात मी उतरवला, दूध मी उतरवले. पण माझे मानाचे काम फोडणीचे. छोटे लोखंडी कढले मी जाळावर धरायचे. तेल तापले की मोहरी, मग हिंग, आणि तडतड ऐन रंगात आली की सगळे वरणावर. दर खेपेस तेलाचा एखादा थेंब माझ्या खिळ्यापाशी मुरत असे. बाई मला रोज घासत, पण खिळ्याजवळ आल्या की हात आवरता घेत. म्हणत, "तेवढं राहू दे. तिथे माझी फोडणी आहे."

बाईंची मुलगी कादंबरी लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा बाईंनी मला जुन्या पातळात गुंडाळून तिच्या बॅगेच्या तळाशी ठेवले. अशी मी ओहायोतल्या डब्लिन गावी आले. इथली शेगडी काचेची. जाळ नसताना काच कशी तापते, हे मला विचारू नका. मी अनेक वर्षे विचार करून सोडून दिले आहे. इथल्या भांड्यांना स्वतःचेच कान. म्हणून माझी रवानगी खणात झाली, पिझ्झा कापायच्या चाकाशेजारी. आठवड्यातून एकदा, रविवारच्या वरणाच्या फोडणीपुरती, कादंबरी मला बाहेर काढी. बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतरच्या रविवारी कादंबरीने मला काढले, नाकाशी धरले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. फोडणी त्या दिवशी जळली.

आता सापाकडे वळते. कादंबरीची मुलगी इला अकरा वर्षांची आहे. तिला कुत्रा हवा होता, पण तिच्या बाबांना, म्हणजे केदारला, केसांची ॲलर्जी. "बिनकेसांचा प्राणी माग, लगेच आणतो," असे केदार एकदा गमतीने म्हणाला. मुलांशी अशी गंमत करू नये. महिन्याभरात घरात एक कॉर्न स्नेक आला. बिनविषारी, नारिंगी, पेन्सिलीएवढा जाड, आणि बसला की वेटोळे असे की इलाने त्याचे नाव जिलबी ठेवले. ती मादी होती.

कादंबरीने तीन अटी घातल्या. साप तळघरातल्या खोलीत राहील. जिवंत उंदीर या घरात येणार नाही. आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या कशालाही या प्रकरणाचा स्पर्श होणार नाही. इलाने तिन्ही मान्य केल्या.

अडचण दुसऱ्या अटीत निघाली. ज्या माणसाकडे जिलबी अंड्यातून बाहेर आली, तो तिला उंदराची जिवंत पिल्ले खाऊ घालीत असे. प्राण्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की जिवंत उंदीर मोठा झाला की सापालाच चावतो, जखमा करतो; तेव्हा आताच तिला गोठवलेले, मग नीट वितळवून कोमट केलेले खायला शिकवा. गॅरेजमधल्या फ्रीझरात, ओल्या खोबऱ्याच्या पाकिटांपासून दूर, एक बंद डबा आला. मी खणात पडल्या पडल्या हे ऐकत होते आणि माझे डोके फिरत होते. बाईंच्या घरात सकाळचे रात्री वाढले तरी त्यांना अपराधी वाटे. इथे एका जिवाला ताजे सोडून महिन्यांपूर्वीचे खायला शिकवणे म्हणजे त्याचे कल्याण! असेल. डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत.

जिलबीला ते पटले नाही. ताटलीत ठेवलेल्या, न हलणाऱ्या वस्तूला ती अन्न समजेना. प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरून हलवले, तर चिमटा घसरला आणि पिल्लू तिच्या डोक्यावरच पडले. ती दोन दिवस काचेच्या पेटीतल्या झाडाच्या सालीखालून बाहेर आली नाही. इला दर शनिवारी तिला छोट्या काट्यावर ठेवी. अठरा ग्रॅम. सतरा. सोळा. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवले होते: पंधराच्या खाली गेली तर जिवाशी खेळू नका, जिथून आणली तिथे परत द्या, तो तिला जिवंत तरी खाऊ घालील. त्या दिवशी इला जेवली नाही. घरात आता न जेवणाऱ्या दोघी झाल्या.

मग केदारने मला खणातून काढले. कादंबरी ऑफिसात होती. मी काय धरले ते सांगायला मला आजही संकोच वाटतो, म्हणून सांगत नाही. पकड मात्र माझी सुटली नाही, हे नमूद करते. जिलबी आली. तिने जीभ बाहेर काढली, पुन्हा काढली, आणि अंग आखडून मागे गेली. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्या दुसऱ्या खेपेस तळघराच्या जिन्यावर पावले वाजली. कादंबरी लवकर घरी आली होती.

"केदार, ही माझ्या आईची सांडशी आहे?"

"अगं, पाच मिनिटं फक्त. हिच्याइतकी ग्रिप कशालाच नाही, यार."

"आज पहिल्यांदाच ना?"

केदारने छताकडे पाहिले. "दुसऱ्यांदा."

"आणि मधे रविवार होता."

"मी डिशवॉशरमध्ये टाकली होती! हॉट सायकल!"

"मी त्या दिवशी दोनदा वरण घेतलं, केदार."

"आई, प्लीज डोन्ट शाउट," इला म्हणाली. "जिलबीला व्हायब्रेशन्स कळतात."

"कळू देत! तिलाही कळू देत या घरात काय चाललंय!"

मला कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवून तिघेही वर गेली. तिथे मी चार दिवस पडून होते. स्वयंपाकघराने मला टाकले होते आणि सापानेही. बत्तीस वर्षांत माझ्या हातचे कोणी नाकारले नव्हते. मी धरलेले पाहून ती मागे का जाते? माझ्यात काय कमी होते? मला काहीच उमगेना.

शनिवारी दुपारी इलाने जिलबीला काट्यावर ठेवले. पंधरा. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. कादंबरी कपड्यांची टोपली घेऊन खाली आली. लेकीकडे पाहिले, काट्याकडे पाहिले आणि तिने मला उचलले. सवयीनेच नाकाशी धरले. आणि थांबली.

"इला, ती नेमकं काय करते? जवळ येते का?"

"येते. टंग बाहेर काढते. मग लाइक, यक्, आणि बॅक."

"उंदराच्या तोंडाशी येऊन मागे जाते, की सांडशीशी येऊन?"

इलाने डोळे मिटून आठवले. "सांडशी. आय थिंक सांडशी."

"आणि साप वास जिभेनं घेतात."

"आई, आय टोल्ड यू धिस हंड्रेड टाइम्स."

"मग हे हुंगून बघ."

इलाने माझ्या खिळ्याशी नाक लावले. तिचे डोळे मोठे झाले. "इट स्मेल्स लाइक संडेचं वरण."

"हिंग आहे तो. बिचारीला वाटत असेल, उंदराला फोडणी दिलीय."

मित्रांनो, मायलेकी हसल्या. मी हसले नाही. ज्या वासाचा मी आयुष्यभर अभिमान धरला, त्याच वासाने पाच आठवडे उपाशी असलेले एक लेकरू समोरचा घास सोडून मागे गेले होते, असे त्या दोघी म्हणत होत्या. डिशवॉशरने जे थोडे नेले असेल, ते रविवारच्या फोडणीने परत आणले होते.

कादंबरीने गरम पाणी, साबण, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश घेतला. माझे पाय घासले, तोंड घासले. खिळ्यापाशी आली आणि तिचा हात थांबला. अगदी बाईंचा थांबत असे तसा.

"नको, आई," इला हळूच म्हणाली. "ते आजीचं आहे. आपण ऑनलाइन दुसरा चिमटा मागवू."

"कधी येईल?"

"मंगळवारी."

कादंबरीने काचेच्या पेटीकडे पाहिले. मग ब्रशवर आणखी सोडा घेऊन तिने खिळा घासायला सुरुवात केली. पाणी पिवळे झाले, मग गढूळ, मग स्वच्छ. मी लोखंड आहे, मला दुखत नाही. तरीही ते पाणी मोरीत जाताना मी पाहिले नाही.

संध्याकाळी खोलीतला दिवा मंद केला. पिल्लू पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवले होते. इलाने मला धरले, पण मनगट ताठ करून, करकचून. जी कादंबरी पेटीच्या दहा पावलांत येत नसे, ती मागे येऊन उभी राहिली.

"पातेलं उतरवताना हात कसा धरतात? कोपर अंगाला लाव. मनगट सैल." तिने आपला हात लेकीच्या हातावर ठेवला. "आता कढलं फिरवतात तसं फिरव. तेल सांडायचं नाही. हळू."

मी फिरले. हे मला येत होते. बाईंनी मला हेच तर शिकवले होते. पुढे धरलेली ती निर्जीव वस्तू जिवंत असल्यासारखी हलू लागली. जिलबी सालीखालून आली. जीभ. पुन्हा जीभ. ती पुढे सरकली आणि माझ्या तोंडाला असा झटका बसला की इला ओरडणारच होती. कादंबरीने तिच्या तोंडावर हात ठेवला. जिलबीने वेटोळे घातले, आणि मग सावकाश, आम्ही पाहत आहोत याची पर्वा न करता, ती जेवली.

"ती खातेय," कादंबरी कुजबुजली. "केदार, ती खातेय बघ!" जिन्यावर बसलेल्या केदारला खाली यायची अजून परवानगी नव्हती. त्या क्षणी मिळाली.

आज जिलबी बावीस ग्रॅमची आहे. मी तिच्या पेटीशेजारी भिंतीवरच्या हुकाला टांगलेली असते आणि दर खेपेनंतर मला वेगळे पाणी, वेगळा साबण मिळतो. वर स्वयंपाकघरात नवी सांडशी आली आहे. ती घसरते, असे ऐकते. कधी कधी कादंबरी कपडे घेऊन खाली येते, मला उतरवते, खिळ्याशी नाक नेते. तिथे आता काही नसते. ती मला पुन्हा सरळ टांगते आणि पेटीसमोर थोडा वेळ बसते.

तेव्हा मित्रांनो, ऐका. एक जीव घरी आणाल तर त्याची भूक हौसेने नव्हे, नेमाने सांभाळा. आमच्यासारख्या जुन्या वस्तू स्वच्छ ठेवा आणि विचारल्यावाचून खणातून काढू नका; काढल्यावर काय होते ते केदारला विचारा. आणि कोणी तुमच्या हातचे खाल्ले नाही, तर त्याच्यावर रुसण्याआधी एकदा आपला हात हुंगून पाहा.

शिळे खाण्यात काय कल्याण आहे, ते मला अजूनही समजलेले नाही. पण हल्ली मी पेटीत शिरले की जिलबी आधी माझ्याकडे येते. खिळ्याला जीभ लावते आणि मागे जात नाही. माझा वास गेला, हे मला माहीत आहे. मग तिला तिथे कसला वास येतो? मी पुष्कळ विचार केला. बहुधा जेवणाचाच येत असावा.