काहीतरी मऊ

डाव्या दिव्याच्या काचेवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडत चष्मेवाला गाडीपुढे उकिडवा बसला होता. काचेच्या आत साचलेलं धुकं मधोमध विरायचं आणि कडेला जाऊन पुन्हा जमायचं. शेवटी सगळं विरलं, पण तळाशी पाण्याचा एक ओघळ उरलाच.

"मोतीबिंदू झालाय तिला," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "तुमच्याच चष्म्याच्या दुकानात न्या."

"मिस्त्रीने मागेच चिकटवून दिला होता, आई. पाणी आत जातं कुठून तेच कळत नाही."

गाडी घेतली होती ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. व्यायामाला दवाखान्यात न्यायचं तर प्रत्येक वेळी रिक्षावाल्याच्या हातापाया पडायची पाळी यायची. खरं तर बायको गेल्यावर लोकांना वाटलं होतं, आता म्हातारी आपल्या भावाकडे जाईल आणि जावई आपल्या वाटेने. पण दोघांपैकी कोणीच हललं नाही. सकाळचा चहा तो करी, संध्याकाळचा स्वयंपाक त्या करीत. गुडघा, गाडी, गिऱ्हाइकं अशा सगळ्या गप्पा होत. जी गेली तिच्याबद्दल मात्र दोघांनीही मिठाची गुळणी धरली होती.

"एका डॉक्टरांची गाडी आहे, साहेब," विकताना डीलर म्हणाला होता. "फक्त रविवारी बाहेर निघायची."

"मग बाकीचे दिवस डॉक्टर पायी जायचे?" सासूबाईंनी तिथल्या तिथे विचारलं होतं. डीलर मोठ्याने हसला होता, आणि ते हसणं आवडल्यामुळेच की काय, त्यांनी गाडी घेऊन टाकली होती.

घेतल्यावर एकेक गुण दिसायला लागले. बॉनेट दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे. उन्हात उभी केली की डाव्या चाकावरचा पत्रा बाकीच्या गाडीपेक्षा अंमळ पिवळट दिसे. आणि हा दिवा.

त्या दिवशी ड्रायर गुंडाळून ठेवून तो गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्री मितभाषी माणूस. त्याने दिवा काढला, बॉनेटच्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं, मग खाली आडवा होऊन बराच वेळ टॉर्च मारत राहिला. उठल्यावर त्याने समोरच्या काचेच्या कोपऱ्यातला बारीक शिक्का वाचला आणि दारांच्या काचांवरचे शिक्केही वाचले.

"समोरची काच बदललीय," तो म्हणाला. "बॉनेट बदललंय, हा पत्रा बदललाय. दिवा तर बाजारातला हलका माल आहे, पाणी घेणारच."

"म्हणजे ठोकलेली आहे?"

"ठोकलीय. पण भिंतीला नाही. भिंतीला असती तर चासी वाकली असती. खांबाला असती तर रेडिएटर गेला असता. दोन्ही जागच्या जागी आहेत." मिस्त्रीने हात पुसले. "काहीतरी मऊ होतं."

गॅरेजात कोणीतरी हातोडी चालवत होतं, ती थांबली.

"गाय वगैरे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"असेल," मिस्त्री म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

त्यानंतर चष्मेवाल्याला गाडी चालवता येईना. म्हणजे चालवी, पण डावा कोपरा डोळ्यांपुढून हलत नसे. काचेवर पाखरू आपटलं तरी त्याचा पाय ब्रेकवर जाई. कडेने कोणी चालत असलं की तो इतका उजवीकडे सरके की समोरचे लोक शिव्या घालत. धुताना त्या पत्र्यावरून फडकं फिरवायची पाळी आली की नुसतं पाणी ओतून मोकळा होई. एकदा भर दुपारी रिकाम्या रस्त्यावर त्याने गाडी थांबवली, खाली उतरून पुढे पाहिलं आणि पुन्हा येऊन बसला.

"गाडी चालवताय की तिची माफी मागताय?" शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

मग त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं, त्या चेष्टा करतील. त्यांनी चेष्टा केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या समोर बघत राहिल्या.

"डीलरकडे चला," त्या म्हणाल्या.

डीलरने आधी कानावर हात ठेवले. मग चहा मागवला. मग म्हणाला, "जनावर आडवं आलं होतं म्हणे. हवं तर दुसरी गाडी बदलून देतो, यातलं सामान काढून न्या."

"मग ही तुम्ही दुसऱ्याला विकाल," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांचा पत्ता द्या."

डॉक्टर वगैरे कोणी नव्हतंच. गाडी चित्रकलेच्या एका निवृत्त मास्तरांची निघाली. पत्ता देताना डीलरची मान खाली होती. ही म्हातारी गुडघे धरून तिथवर जाणार नाही, असा त्याचा हिशेब असावा.

रविवारी सकाळी दोघं गेले. कडेच्या वस्तीतलं बैठं घर होतं, पुढे कुंड्या, कुंड्यांना नुकतंच पाणी घातलेलं. चष्मेवाल्याने गाडी फाटकासमोर लावली आणि सासूबाईंना हात देऊन उतरवलं. मास्तर दारातच उभे होते. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलंच नाही, ते गाडीकडे बघत होते. मग त्यांनी काठी टेकत येणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"गाडीबद्दल जरा विचारायचं होतं," चष्मेवाला म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. "आत या. आज ना उद्या कोणीतरी येणार हे ठाऊक होतं."

खोलीत त्यांची बायको भाजी निवडत बसली होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने ताट बाजूला सारलं. उठून तिने सासूबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः समोर स्टुलावर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"तुमची मुलगी ना?" तिने विचारलं.

सासूबाईंना काही कळलं नाही. चष्मेवाल्यालाही नाही.

"हे चालवत नव्हते हो. मी चालवत होते," ती बाई म्हणाली. "अंधारून आलं होतं, पाऊस होता. ती सायकलवर होती. मी पाहिलंच नाही, एकदम काचेवरच... आम्ही थांबलो होतो. खरंच थांबलो होतो. हे उतरत होते, तेवढ्यात मागून ट्रकचे दिवे दिसले आणि मी गाडी तशीच पुढे पळवली. ट्रकवाला थांबला होता तिच्यापाशी, एवढं मी आरशात पाहिलं."

"पुरे," मास्तर म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी गेलो तर रस्ता धुतलेला. कोणाला विचारायची हिंमत झाली नाही." तिने सासूबाईंचा हात धरला. "वाचली का हो तुमची मुलगी?"

आता चष्मेवाल्याच्या ध्यानात आलं, ही आपल्याला त्या सायकलवालीची माणसं समजतेय. तो घाईने पुढे सरकला, "अहो, तुमचा काहीतरी..."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "गेली माझी मुलगी."

मास्तर भिंतीला टेकले.

"फार त्रास झाला तिला?" बाईने विचारलं. हे विचारल्यावाचून तिला राहवलंच नाही असं दिसत होतं.

"झाला. बोलता येत नव्हतं. शेवटी माझा हात ओढून गालाखाली घेतला तिने. लहानपणी घ्यायची तसा. मग झोपली."

चष्मेवाला तिथेच उभा राहिला. त्या वेळी तो औषध आणायला खाली गेला होता. वर आला तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या आणि परिचारिका चादर सारखी करत होती. हाताचं त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

सासूबाई हळूच हात सोडवून उठल्या. गाडीत बसल्यावर चष्मेवाल्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"त्यांना खरं सांगायला हवं, आई."

"हवं." त्यांचा आवाज बसला होता. "तिने विचारलं, आणि ती दुसऱ्याच कोणा मुलीबद्दल विचारतेय हे मला आठवलंच नाही. इतक्या दिवसांत असं समोर बसून कोणी विचारलंच नव्हतं हो. थांबा जरा. मला श्वास घेऊ द्या, मग जाते आत."

त्याने मान हलवली. सासूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

त्या उतरायच्या आतच घराचं दार वाजलं. मास्तर आणि त्यांची बायको बाहेर आले. तिने साडी बदलली होती. मास्तरांच्या पायात बूट होते, खांद्याला पिशवी. मास्तरांनी कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. दोघं फाटकातून बाहेर येऊन गाडीच्या खिडकीपाशी उभे राहिले.

"पोलीस चौकीपर्यंत सोडाल का?" बाईने विचारलं. "आम्ही काही तोंड चुकवणार नाही. पण चालत निघालो, तर हे मला वाटेतून परत आणतील."

सासूबाईंनी हात मागे नेऊन दार उघडलं. "बसा."

दोघं मागे बसले. दार लागल्यावर सासूबाई वळल्या. मान पूर्ण वळत नव्हती, तरी जेवढी वळली तेवढी वळवून त्या म्हणाल्या, "माझी मुलगी आजाराने गेली, बाई. हे तिचे यजमान. आम्ही तुमची गाडी घेतली, दिव्यात पाणी जातं म्हणून विचारायला आलो होतो. तुमच्या त्या मुलीचं आम्हाला काही ठाऊक नाही. मी आत खोटं बोलले नाही, पण तुम्हाला फसवलं खरं."

शेजारच्या घरात नळाखाली बादली भरत होती.

"म्हणजे वाचलीही असेल," बाई म्हणाली.

"असेल," सासूबाई म्हणाल्या. "नसेलही."

मास्तरांचा हात दाराच्या कडीकडे गेला. "चल," ते बायकोला म्हणाले. "यांचा काही संबंध नाही. कोणालाच काही माहीत नाही. घरी चल."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तो कडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"राहू दे. आता बसलोय ना."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि ते तो सदऱ्याच्या टोकाने विनाकारण पुसत बसले.

चष्मेवाल्याने गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो घुटमळला. "या भागात चौकी कुठे आहे, मला माहीत नाही," तो म्हणाला.

"उजवीकडे घ्या," बाई मागून म्हणाली. "मग पाण्याच्या टाकीवरून सरळ. चौकीच्या पायरीपर्यंत बरेचदा जाऊन आलेय मी."

मास्तरांच्या हातातलं पुसणं थांबलं. आरशात चष्मेवाल्याला दिसलं, ते वळून बायकोकडे बघत होते, जणू ती आत्ताच कुठूनतरी येऊन शेजारी बसली होती.