पैसे घ्यायचे पैसे

मित्रांनो, तलासरीच्या नाक्यावर नविनभाईचं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की हा माणूस माझ्याकडे बोट करतो. "मी काय करू, मशीन कापते," म्हणतो. मला ना दात, ना पोट, ना खिसा. कापून मी ठेवणार कुठे? इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता नाही.

मी एक जुनी, कार्ड घासायची मशीन आहे. जन्म कुठल्या कारखान्यातला ते माझ्या पाठीवर लिहिलंय, पण स्वतःची पाठ कुणाला वाचता येते? थर्माकोलच्या दुलईतून मला बाहेर काढलं तेव्हा नविनभाईच्या बायकोनं, वर्षाबेननं, हळदकुंकू लावलं आणि पुढ्यात एक पिकला चिकू ठेवला. तेव्हा मी लाडकी होते. वाडीवाले शेठ, दुबईला निघालेली पोरं, सगळे माझ्याच फटीत कार्ड सरकवायचे. मी टुंग करून चिठ्ठी काढली की हसत निघायचे.

मग तो काळ्या चौकटींचा पुठ्ठा आला. मोबाईल दाखवला की काम झालं. मला खणात टाकलं, स्टेपलरच्या पिना आणि फुटक्या चष्म्याच्या शेजारी. माझ्या बटणावरचा चारचा आकडा पुसून गेला तरी कुणी पाहिलं नाही. माझी आठवण व्हायची ती दोष द्यायच्या वेळी.

परवा रखमी आली. ती डोंगराकडच्या पाड्यावरची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. शाळेत ती चार दिवस गेली असेल, पण तिच्या तोंडावाचून पाड्यावर लग्न लागत नाही. तिचा नातू उमेश अंदमानात धक्क्याच्या कामावर आहे. त्याला रजा मिळेना, म्हणून लग्न तिकडेच. रेल्वे काही समुद्रावरून जात नाही. आणि तिची रीत अशी, की एकीनं गाणं सांगायचं, दुसरीनं उचलायचं. म्हणून बरोबर तिची जोडीदारीण शुक्री. पैसे द्यायचे होते नात सरिताच्या क्रेडिट कार्डावरून.

नविनभाईनं मला खणातून काढलं, पुसलंसुद्धा नाही, आणि आकडा दाबला. कार्डाची मर्यादा ओलांडली होती. त्या म्हातारीला मला माझ्याच तोंडानं नाही म्हणावं लागलं.

"मशीन घेत नाही, मावशी. एकच तिकीट काढा."

"एकटी जाऊन काय करू? अर्धं लग्न लावू?" रखमी म्हणाली.

सरिता पुढे झाली. "दोघींचं भाडं कार्डात बसतं. मी घरून बघून आले. तुम्ही किती टाकलेत?"

"भाडं, आणि वर कार्डाचा आकार. कार्डानं दिलं की विमानवाले जादा घेतात. माणशी. जायचा वेगळा, यायचा वेगळा."

रखमीनं पदर कमरेला खोचला. "म्हणजे पैसे मी द्यायचे, आणि ते घेतल्याची मजुरीही मीच द्यायची?"

"मी कुठे घेतो? कंपनी घेते. आणि ही मशीन."

परत माझं नाव. माझ्या वायरीत जीव असता तर तिथेच त्याच्या बोटाला झटका दिला असता.

"मग लाव त्या कंपनीवाल्याला फोन. म्हणावं, रखमीला बोलायचंय."

"अहो, ते कशाला बोलतील? माझे पैसे त्यांच्याकडे आधीच जमा असतात. तिकीट काढलं की त्यातून वळते होतात."

"मग आमचं कार्ड कंपनीनं पाहिलं कधी?" सरितानं विचारलं.

नविनभाई उगाच खणातल्या पिना चाळू लागला. बाहेर अहमदाबादची बस हॉर्न मारत होती. इतका वेळ पिशवी धरून बसलेली शुक्री हसली. "भाई, तुझं विमान उडायच्या आधीच उतरलं की रे."

मान वर न करता त्यानं नुसतं भाडं दाबलं. मी टुंग केलं. इतक्या वर्षांत इतक्या जोरात कधी केलं नव्हतं. दोन्ही तिकिटं निघाली.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना धुळीत टाकलंत तरी आम्ही काम करतो. पण तुमची लबाडी आमच्या नावावर लिहू नका. ते मला बोलता येत नव्हतं. रखमीला येत होतं.

तिनं रिकामा तळवा नविनभाईपुढे धरला.

"आता काय, मावशी? कार्डात सुट्टे नसतात."

"सुट्टे कोण मागतंय? लग्न लावल्यावर मला तांदूळ देतात, तेव्हा त्यातलेच दोन दाणे मी देणाराच्या हातावर परत ठेवते. देणाराचा हात आम्ही रिकामा धाडत नाही. तू तर घेता घेता माझ्याच हातावरचं उचलायला निघालास, आणि नाव या बिचारीचं घेतलंस. तिला आधी पूस. मशीन खरी आहे, नविन. हात तुझा खोटा आहे."