कंपनीची पट्टी

पत्र्याच्या पडवीत सकाळ एकदम येत नसे. आधी छताच्या खिळ्यांच्या भोकांतून उजेडाचे बारीक दोरे उतरत, भुशात थोडे घुटमळत. मग पूर्वेच्या फटीतून एक रुंद पट्टा आत सरके आणि कोपऱ्यातल्या सागवानी फळ्या एकेक करून जाग्या होत. त्या उजेडात विशेष काहीच नव्हते. बारामतीतल्या साऱ्या अंगणांत तो तसाच पडला असेल, उंबऱ्यांवर, बादल्यांवर, निजलेल्या कुत्र्यांवर. पण ज्ञानेशला वाटे, इथे तो लाकडाच्या वासात मुरतो आणि आबांच्या हातांपर्यंत पोहोचताना मधासारखा जड होतो.

आबा म्हणजे त्याचे वडील, आबासाहेब. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांनी हयातभर लाकडी साचे घडवले होते. त्यांवरून पुढे लोखंड ओतले जाई. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते इथे आले, आणि कऱ्हाटीच्या प्रयागबाईंनी नव्या घरातल्या भिंतीतल्या कपाटाची दारे त्यांना सांगितली. घरचे पहिलेच काम.

"ही दारं नीट बसली तर धंदा धरायचा," आबा म्हणाले होते. "न्हाय तर हत्यारं गुंडाळून ठिवायची. उगं लोकांची लाकडं नासायची न्हाईत."

कऱ्हाटीला चौकटीची मापे टेपने घेऊन झाली होती. आबांनी खिळ्याला टांगलेली पट्टी काढली, ते फळीवर खुणा करू लागले, आणि पट्टीचे पितळी टोक उजेडात झळकले. ज्ञानेश चपापला. ती कंपनीतली पट्टी होती. लोखंड निवताना आकसते, म्हणून साचा थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्या पट्टीवरचा इंचच खऱ्या इंचाहून किंचित लांब आखलेला असतो. "ही नुसती शोभेला. घरच्या कामाला चालत न्हाय," असे आबांनीच बजावले होते.

शब्द ओठांवर आले आणि तिथेच विरले. या हातांना सांगणारे आपण कोण? आबांनी हिशेब केलाच असेल. त्याने नजर भुशाकडे वळवली.

पुढचे दिवस तो नुसता पाहत राहिला. रंध्याखालून निघणारी ढलपी इतकी पातळ, की तिच्यातून उजेड दिसे. दोन्ही झडपांच्या फळ्या आबांनी एकाच ओंडक्यातल्या निवडल्या होत्या. शेजारी ठेवताच लाकडाच्या रेषा एकीतून दुसरीत पाटाच्या पाण्यासारख्या वाहत गेल्या.

कऱ्हाटीत टेम्पोतून दारे उतरवली, चौकटीला लावली, तर ती आत जाईनात. बोटभर उंच भरली.

"आबासाहेब," प्रयागबाई पदर खोचत म्हणाल्या, "रातीत पोरावानी वाढली काय वो दारं?"

"भिंत तिरकी असंल," ज्ञानेश घाईने म्हणाला. त्याचे कान तापले होते. "गवंड्यानंच..."

"माझ्या गवंड्याला नावं ठिवू नगंस, बाळा. त्यो वळंबा पडलाय बघ कोपऱ्यात. भिंतीला दोरी लावून बघ की!"

ज्ञानेश जागचा हलला नाही. आबांनी खिशातला टेप काढून दारावर धरला, बराच वेळ आकड्याकडे पाहिले आणि ते हसले.

"गवंड्याचं काय न्हाय, बाई. मी अजून लोखंडासाठीच मापं टाकतोय. अंगणात दोन पाट मांडा."

मग त्यांनी जे केले, ते ज्ञानेश जन्मभर विसरणार नव्हता. जास्तीचे लाकूड त्यांनी वरून निम्मे, खालून निम्मे उतरवले, म्हणजे मधली रेषांची नक्षी मधेच राहील. कडा तासताना रेषांची जुळणी त्यांनी केसभरही ढळू दिली नाही. उन्हे कलता दारे मिटली, आणि मिटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"बया!" प्रयागबाई ती पुन्हापुन्हा उघडत, मिटत राहिल्या. "लाजाळूचं पान मिटल्यावानी मिटतंय. आता देवघराचं दार बी तुमीच करायचं, आबासाहेब."

आबांनी टेप धोतराला पुसला आणि ज्ञानेशच्या हातात ठेवला.

"देवघराचं माप तू घे."

"तुमी असताना मी कशाला?"

"रंधा मी मारीन. माप हितनं पुढं तुझं."

"कपाटाची चौकट जरा तिरकीच हाय, आबा."

आबा हत्यारे पुसू लागले.

ज्ञानेश आत गेला. कोपऱ्यातला वळंबा उचलून त्याने कपाटाच्या चौकटीशी धरला. दोरी थोडी हलली, मग स्थिर झाली, आणि वरपासून खालपर्यंत लाकडाला लागून उभी राहिली.

भिंत सरळ होती. आबा म्हातारे झाले होते.