म्हसोबाला बोललेला कोंबडा

मित्रांनो, मी एक जुना कोंबडा आहे. हसू नका. आमच्या जातीत म्हातारपण फारसं कुणाच्या वाट्याला येत नाही. त्याच्या आधी पावणे येतात. मी मात्र इतका जुना आहे की माझ्या नख्या वळून बांगड्या झाल्यात आणि तुरा टोपीसारखा एका डोळ्यावर उतरलाय.

गावात एसटीडीचा पहिला पिवळा बोर्ड लागला, त्या साली मी बोरी बुद्रुकला बयाबाईच्या परसात अंड्याबाहेर आलो. आई उघड्या मानेची गावरान. बाप सरकारी योजनेतला गिरिराज, एवढा थोराड की पडवीवर उडी मारली तर कौलं फुटायची. शिवाय एक पांढरी लेगहॉर्न होती. ती अंडं घालायची आणि अशी निघून जायची, जणू ते शेजारणीचं आहे. मग तिचीही अंडी माझ्या आईखाली. एकाच आईच्या पंखांखालून पांढरं, काळं, ठिपक्याठिपक्यांचं, पायांत पिसांचे मोजे घातलेलं, सगळं बाहेर पडायचं. सख्खं कोण नि सावत्र कोण, आम्हाला कधी कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

हा मेळ जमवायचा नाद बयाबाईच्या नवऱ्याला, सावळेरामला. मला तळहातावर घेऊन तो आल्यागेल्याला दाखवायचा. "गिरिराजचं वजन आन् गावरानचा काटकपणा. बघा राव, कसा उतरलाय!"

त्याच साली त्यांच्या एकुलत्या लेकीनं, शीलानं, लग्न केलं. सोमाजी नावाचा पोरगा आंबेगावच्या डोंगरातून टोमॅटो तोडायला आला होता, त्याच्याशी. सावळेराम ओट्यावर उभा राहून गरजला, "आपल्यातला न्हाई, आपल्याकडचा न्हाई! ह्या उंबऱ्यावर तिचा पाय पडता कामा नाय. शब्द हाये माझा!"

बयाबाई आम्हाला दाणे टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "कोंबड्यात बरं चालतंय तुमाला."

सावळेरामला एकदम विहिरीवरची मोटार आठवली. तो तरातरा निघून गेला.

त्या संध्याकाळी बयाबाईनं मला उचललं, बांधावरच्या म्हसोबापुढं धरलं आणि म्हणाली, "देवा, माझी शीला उंबरा वलांडून आत आली, की हा तांबडा तुला."

मित्रांनो, तेव्हापासून माझी मान शीलाच्या पावलाला बांधली गेली. ती येत नाही तोवर मला कुणी हात लावायचा नाही. आखाड आले नि गेले, जत्रा झाल्या, माझे भाऊबंद एकेक करून रश्श्यात उतरले. मी फुगत राहिलो. माझी बांग ओझरपर्यंत जायची. तिथला गणपती, असं म्हणतात, माझ्या आवाजानं डोळे उघडायचा. एकदा उसातून बिबट्या आला आणि त्यानं माझी मान जबड्यात धरली. मी शांतपणे म्हणालो, "भाऊ, मी म्हसोबाचा आहे." त्यानं मला खाली ठेवलं, जिभेनं माझी पिसं नीट केली आणि माफी मागून गेला. खोटं वाटत असेल तर त्या बिबट्याला विचारा.

पण एवढा शूर मी, फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला की सरपणाच्या ढिगात घुसायचो. शीला उतरली असेल तर?

त्याच हॉर्नला बयाबाई बाहेर यायची. हातात सूप, नजर रस्त्यावर. दिवाळीला यायची, संक्रांतीला यायची, काही नसतानाही यायची. एसटी निघून गेली, उडालेली धूळ खाली बसली, की ती माझ्यापाशी येऊन टेकायची. "आज बी न्हाई आली रे." ती रडायची नाही. तांदूळ निवडत बसायची, आणि निवडून झालेलेच पुन्हा निवडायची.

डोंगरातून हिरडा विकायला भिका नावाचा माणूस उतरायचा. जाताना बयाबाई त्याच्याकडे डब्यात तूस भरून आमची अंडी द्यायची, शीलाच्या घरी उबवायला.

"मावशे, फुटली तर मला बोलायचं नाय हां."

"फुटू दिऊ नगंस. आपली कोंबडी तिच्या अंगणात फिरंल, तेवढंच."

पुढच्या खेपेला तो सांगायचा, "एक उघड्या मानेचं निघालं. बघून शीला हसली."

"कशी हसली? मोठ्यानं?"

"हसली म्हंजे... हसली की, मावशे."

"आरं, पर कशी?"

बिचारा भिका मग स्वतः हसून दाखवायचा. त्याचे दात पडलेले. बयाबाई तेवढ्या हसण्यावर पुढची खेप येईतो दिवस काढायची. ते बघता बघता मला काय झालं कुणास ठाऊक, मी सरपणात लपायचं सोडलं. मान जाईल तर जाईल, पण एकदा यावी ती, असं वाटायला लागलं.

आणि एका दुपारी ती आली. कडेवर लेक, हातात कोंबड्यांची डालगी. अंगणातच थांबली. ओट्यावर सावळेराम बसलेला.

"आई, तुज्याच अंड्यांच्या हायेत," शीला म्हणाली आणि डालगी खाली ठेवली.

सावळेरामला राहवलं नाही. उठला, एक तलंग कोंबडी उचलून उजेडाला धरली. "मान आपलीच हाये." मग कडेवरच्या नातीकडं बघत राहिला. "नाक बी."

"आत ये गं," बयाबाई म्हणाली.

"तात्या म्हनंपातूर नाय," शीला बापाकडं बघत म्हणाली.

सावळेरामनं उंबऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी डोळे मिटले. "दिलेला शब्द मी मागं घेत नसतो," तो म्हणाला. "आन् ह्यो तांबडा बी कुनाला द्यायचा नाय." एवढं बोलून गोठ्यात गेला आणि पहार घेऊन आला.

"आवं, काय करताय?"

धापा टाकत त्यानं हळदीकुंकवाची बोटं उमटलेला तो सागवानी उंबरा उचकटला, ओढत नेला आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला. "ये आता. उंबराच नाय, तर पाय पडंल कशावर?"

शीला आत गेली. बयाबाईनं डोळ्यांना पदर लावला, पण धास्ती होतीच. "आन् म्हसोबाला काय सांगू?"

"सांग, उंबरा बसवला की लगेच कोंबडा. सुतार गाठ पडंना, म्हनावं."

मित्रांनो, सुतार अजून गाठ पडलेला नाही. पावसाचं पाणी थेट माजघरात येतं, कोंबड्या चुलीपर्यंत जातात. शीला येते, राहते आणि जाते. ती जाते तेव्हा एसटी वळणाआड होईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यावर उभे असतो. मला आता नीट दिसत नाही. बयाबाईचा हात हलायचा थांबला, की गेली असं समजतो.

माझं मागणं थोडकंच आहे. आमच्यातली एखादी कोंबडी कुठं कुठं हिंडते, कुणाच्याही परसात अंडं घालते. पण सांज झाली की खुराड्याचं दार लोटण्याआधी बयाबाई हाका घालते, आणि जी यायची राहिली तिच्यासाठी अंधार पडेस्तोवर दार धरून उभी राहते. तुमच्या घरीही दार लावणारं कुणी असेल. त्याला जरा थांबायला सांगा.