जैसलमेरला वाढवलेला नारळ

ललितला लहानपणापासून एक खोड. विचारायचं नाही, करून मोकळं व्हायचं, वर कौतुकाची वाट बघत उभं राहायचं. त्याची आई सुंदरबाई हे सोनगीरच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तेव्हा हसून सांगायची.

दिवाळीत त्याने असंच न विचारता जैसलमेर ठरवलं. आई, जन्मभर सोनगीरचाच किल्ला बघितलास, म्हणाला. धाकटा नोकरीला बाहेरगावी, धाकटी सून बाळंतपणाला माहेरी पिंपळनेरला गेलेली, म्हणजे घराला कुलूप. घरच्या देवीला, कानबाईला, कुलपात दिव्यावाचून कसं ठेवायचं? सुंदरबाईने देव्हाऱ्यातला नारळ लाल फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला. तिच्या सासूच्या सासूपासून तो घरात होता. श्रावणात त्यालाच डोळे लावायचे, नथ घालायची, मग तो कानबाई व्हायचा आणि सगळी भावकी रोटांना, तिच्या प्रसादाच्या जेवणाला, जमायची. पिशवीत काय आहे ते तिने ललितला सांगितलं नाही. घरच्या पोराला काय सांगायचं?

तिथे नुसती वाळू आणि पिवळा दगड. ललित प्रत्येक भिंतीपुढे थांबून मोबाइलवर वाचून दाखवायचा, हे आठशे वर्षांपूर्वीचं, ते पाचशे. हवेलीच्या नक्षीदार खिडक्या बघून सुंदरबाई थोरल्या सुनेला, भाविकाला म्हणाली की एवढं कोरलं, पण गोधडी वाळत घालायला जागा ठेवली नाही. भाविका खूप हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

किल्ल्याच्या चढावर सुंदरबाईचे गुडघे बोलायला लागले. पिशवी ललितकडे देऊन ती एका पायरीवर टेकली. पाव तासाने तो देवळातून आला, कपाळाला गंध, हातात दोन करवंट्या. तुझा नारळ वाढवला, म्हणाला. दुकानदाराने तुला फसवलं बघ, आत पाणी नाही, खोबरं नाही, काळा भुगा नुसता.

सुंदरबाईने पदर पसरला. करवंट्या घेतल्या, लाल फडकं मागून घेतलं आणि सांगितलं, कानबाई होती ती. ललितचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मी तिला नथीशिवाय कधी बघितलंच नव्हतं गं.

खरंच होतं ते. शाळेपासून तो धुळ्यालाच; श्रावणात यायचा, आरतीला उभा राहायचा, रोट खायचा आणि संध्याकाळच्या आत परत. वर्षभर देव्हाऱ्यात उघडा बसलेला तो नारळ त्याला ठाऊक कसा असणार?

तिकिटं काढलेली होती म्हणून मग राजांच्या समाधीच्या छत्र्याही पाहिल्या. ओळीने उभ्या, एकीतही दिवा नव्हता. सुंदरबाई शेवटच्या छत्रीशी बराच वेळ उभी राहिली.

परतताना शिरपूर सोडल्यावर तापीवर तिने गाडी थांबवायला लावली. भाविकाचा हात धरून खाली उतरली, करवंट्या फडक्यासकट पाण्यात सोडल्या. त्या लगेच बुडाल्या नाहीत, काठाकाठाने हेलकावत राहिल्या. ललित मागे उभा होता. पुढच्या श्रावणाला अजून अवकाश आहे, ब्राह्मणाला विचारून नवा नारळ बसवू, मी स्वतः आणतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पाण्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आठशे वरीसना दगड तुले वळखू येतस, अनं घरनी कानबाई वळखू उनी नही. नवा नारय आनू नको, ललित. मनी सासूनी सासूपासून उनी ती, मनापाशीच सरनी."