टोपीवाल्याची जागा

आमच्या रस्त्याची टवाळी करून मी पोट भरतो. उलटलेली गाडी, तिच्याखालून पळणारी डुकरं, खिडकीतून बादली रिकामी करणारी बाई आणि बरोब्बर खाली उभा असलेला वकील, असं सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, शाई लावून कागदावर छापायचं आणि दुकानाच्या काचेत टांगायचं. मग चित्रातलं एकेक माणूस भांडायला येतं. माझं पोट एवढं सुटलंय का, म्हणून न्हावी येतो. दूधवाली तर घसा बसेपर्यंत भांडते आणि जाताना एक छाप विकत घेऊन जाते.

खरं सांगायचं तर मी त्यासाठीच कोरतो. बायको गेल्यापासून या घरात भांडणाखेरीज माणसाचा आवाज नाही.

फक्त समोरचा टोपीवाला कधी आला नाही. तो माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर त्यांची खुर्ची मी ठेवून घेतली, तेव्हापासून त्याने अबोला धरला. प्रत्येक चित्रात मी त्याला घातलं. कधी गटारात पाडलं, कधी माकडाकरवी त्याची टोपी पळवली, कधी बोकडाची ढुशी खायला लावली. सगळा रस्ता पोट धरून हसला. हा मात्र ढिम्म. त्याच्या एका शिवीसाठी मी वर्षानुवर्षं काचेआड बसून राहिलो.

या खेपेला कंटाळलो. म्हटलं, गेला उडत. त्याला वगळून चित्र छापलं आणि टांगलं.

दुपारी दार वाजलं. दारात भाऊ, टोपी हातात. केस पांढरे झाले होते. रस्त्यापलीकडून ते मला कधी दिसलेच नव्हते.

"यात मी कुठाय?" त्याने विचारलं. "मेलो का मी तुझ्या लेखी, दादा?"

मी पत्रा पुढे ओढला. चित्रात मुंगी शिरायला जागा नव्हती. मोकळी होती ती फक्त माझ्या दुकानाची पायरी.

"इथे कोरतो," मी म्हणालो. "पण समोर बसावं लागेल, न हलता."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वडिलांच्या खुर्चीत बसला.

"नाक एवढं मोठं काढू नकोस."

"नाक वडिलांचं आहे. मी काय करू?"

तो हसला नाही, पण उठलाही नाही. एरवी असं एक माणूस मी बघता बघता उरकतो. त्या दिवशी कोरणी अगदी हळू चालवली.