पाच पाखरांची परवानगी

त्या दिवशी इब्रामपूरच्या आमच्या शेतात दोन माणसं पाखरांसाठीच आली होती. एक मी, कॅमेरा घेऊन. पाखरं बसावीत म्हणून. दुसरे माझे सासरे, तेलाचा रिकामा डबा आणि दांडका घेऊन. पाखरं उडावीत म्हणून.

म्हापशाच्या एका प्रदर्शनासाठी पक्ष्याचा नाहीतर फुलपाखराचा फोटो दुपारी बारापर्यंत पाठवायचा होता. सेजल झाल्यापासून चौदा महिन्यांत मी दोनेक हजार फोटो काढले असतील, पण त्यात पक्षी एकही नाही. सगळी सेजलच. ती आता बांधाजवळच्या मांगरात, म्हणजे आमच्या शेतातल्या खोपटात, झोळीत निजली होती. म्हणजे माझ्या हातात फार तर अर्धा तास.

ऑक्टोबरचं ऊन, पिवळं झालेलं भात, आणि बांधावरच्या गवतात लाल मुनियांचा थवा. मी डोळ्याला कॅमेरा लावला की बाबा डबा बडवायचे. "हाऽऽ हुर्रर्र!" थवा पसार.

"बाबा, पाचच मिनिटं थांबा ना."

"पाच मिन्टांत ही माका उपाशी घालतीत गो!" मग जरा विरघळून म्हणाले, "बरां. पाच पाखरांक परवानगी. पाचाच्या वर एक जरी इलां तरी डबो वाजतलो."

पाखरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सहावं उतरलं. बाबांनी दांडका उगारला, आणि तेवढ्यात एक केशरी फुलपाखरू येऊन थेट त्यांच्या नाकावर बसलं. घामातलं मीठ आवडलं असावं.

"हलू नका!" मी कुजबुजले.

"गुदगुल्यो होतत गो."

"श्वासही हळू घ्या."

बाबांचा पुतळा झाला. पुतळ्याला कोण भिणार? सगळा थवा परत आला. ओठ न हलवता बाबा मोजू लागले, "सात... नव... अगो, चौदा!" आणि उगारलेल्या दांडक्याच्या टोकावर एक लालबुंद नर येऊन बसला. नाकावर फुलपाखरू, दांडक्यावर मुनिया! मी बटण दाबलं.

कार्ड भरलेलं.

एकच फोटो पुसायचा होता. जांभई देणारी सेजल? नको. केसांना नाचणीचं सत्त्व माखलेली? छे. जांभई देणारी दुसरी? पण हिच्यात डावा गाल किती गोड आलाय.

"एकवीस!" बाबा कण्हले. "काय करतंस गो?"

"सेजलला बघतेय."

"तेका मागीर बघ!"

शेवटी माझ्याच अंगठ्याचा एक फोटो सापडला. त्यातही कोपऱ्यात तिची टाच होती, पण काळजावर दगड ठेवून पुसला. नेम धरला, आणि मांगरातून बारीक आवाज आला, "हाऽऽ हुल्लल्ल!"

आमच्या लेकीचे पहिले बोल. माझं बोट दाबलं गेलं आणि थवा उडाला, दोन्ही एकदमच.

फोटोत मुनिया म्हणजे वर कोपऱ्यात एक लाल ठिपका. मधोमध बाबा, दोन्ही डोळे नाकाच्या शेंड्याकडे वळलेले, आणि तिथे फुलपाखरू मात्र ऐटीत पंख पसरून. फोनवर घेतला आणि बाराला तीन मिनिटं कमी असताना पाठवून दिला, फुलपाखरांच्या विभागात.

"माजो डबो इलो मां फोटोत?" बाबांनी नाक चोळत विचारलं.

"आला की."

"मगे बरां." त्यांनी सेजलला झोळीतून उचलून कडेवर घेतलं आणि दांडका तिच्या मुठीत दिला. "चल गो बाये. एकवीस जाणांक हाकलूचां आसा."

तिने पहिलाच टोला डब्याऐवजी आजोबांच्या टोपीवर हाणला. मी धावत कॅमेरा उचलला.

कार्ड भरलेलं. आणि आता अंगठ्याचाही फोटो उरला नव्हता.